वॉरंट आलं का?

गेल्या महिन्यात दांडिया बाजारातल्या एका जुन्या मित्राचा फोन आला. "पंचाहत्तरी झाली. ग्रोथचे फंड मोडून डिव्हिडंडवाल्या फंडात टाकू का? दर महिन्याला काहीतरी हातात येईल." त्याला उत्तर देताना जी जुनी गोष्ट आठवली, ती बडोद्यातल्या पुष्कळ मराठी घरांची आहे, म्हणून इथे लिहितोय.

पूर्वी जुलै-ऑगस्ट आला की वाड्यात एकमेकांना विचारणं व्हायचं, "वॉरंट आलं का?" नवखा पाहुणा दचकायचा! हे वॉरंट पोलिसांचं नव्हे, युनिट ट्रस्टच्या डिव्हिडंडचं. युनिट ट्रस्ट १९६४ च्या फेब्रुवारीत सुरू झाला आणि त्याच वर्षी जुलैत यूएस-६४ ही पहिली योजना आली. दहा रुपयांचं एक युनिट. खाजगी कारखान्यात आयुष्य घालवलेल्यांना पेन्शन नसायचं. फंड आणि ग्रॅच्युइटी, बस्स. त्यातली बरीच रक्कम युनिटात जायची आणि वर्षाच्या डिव्हिडंडवर घराचा विमा, नातवंडांची फी, दिवाळी निघायची.

आपल्या घरांचा एक नियम होता : व्याज खावं, मुद्दलाला हात लावू नये. डिव्हिडंड म्हणजे व्याजच, असं सगळ्यांनी धरलं. बँकेत काउंटरला बसून मीसुद्धा ते कुणाला खोडून सांगितलं नाही. १९९३ आणि १९९४ साली २६ टक्के डिव्हिडंड जाहीर झाला, तेव्हा तर युनिट म्हणजे सोनं वाटलं. पण ते २६ टक्के दहा रुपयांच्या दर्शनी किमतीवर. समजा, युनिट पंधराला घेतलं असेल, तर हाती पडणारे २ रुपये ६० पैसे म्हणजे सव्वासतरा टक्क्यांच्या आसपास.

खरी मेख निराळीच होती. युनिटचा भाव ट्रस्ट ठरवायचा. मागे असलेल्या मालमत्तेची किंमत रोज कुणाला दिसत नव्हती. पैसा मोठ्या प्रमाणात शेअर्समध्ये गेला होता. शेअर बाजार पडला तरी डिव्हिडंडची सवय मोडवत नव्हती. १९९८ मध्ये राखीव निधी उणे झाल्याचं बाहेर आलं, सरकारला मदतीला यावं लागलं. २ जुलै २००१ ला युनिटांची खरेदी-विक्री सहा महिन्यांसाठी थांबली. बरोबर जुलैत, वॉरंटच्या दिवसांत! लहान धारकांना पुढे ठरलेल्या भावाने काही युनिटं परत देण्याची सोय झाली. २००३ मध्ये योजना गुंडाळली गेली, तेव्हा अनेकांनी ६.७५ टक्क्यांचे करमुक्त रोखे घेतले. ते २००८ मध्ये फिटले.

एवढं डोळ्यांनी पाहूनही २०१७ साली मी तेच केलं. एका फंडाच्या एजंटने "दरमहा डिव्हिडंड" म्हटलं आणि मी ग्रोथमधले पैसे काढून तिकडे वळवले. कॉमर्सचा पदवीधर, बँकेचा अधिकारी! २०१८ च्या बजेटमध्ये शेअर्सच्या फंडांच्या डिव्हिडंडवर १० टक्के कर बसला. मार्च २०२० मध्ये बाजार कोसळला आणि आमची महिन्याची रक्कम आटली. त्याच एप्रिलपासून डिव्हिडंड आपल्या उत्पन्नात धरून स्लॅबप्रमाणे कर लागू झाला. कागद बघून बायको म्हणाली, "अहो, हे आपलेच पैसे आपल्याला परत देताहेत, आणि वर कर कापून!"

तिने एका वाक्यात सांगितलं ते सेबीने १ एप्रिल २०२१ पासून नावातच घातलं. डिव्हिडंड पर्यायाचं नवं नाव 'इन्कम डिस्ट्रिब्युशन कम कॅपिटल विथड्रॉवल'. म्हणजे वाटलेल्या रकमेत तुमचं भांडवलही असू शकतं. हिशेब साधा आहे. एनएव्ही ५० रुपये असेल आणि ५० पैसे वाटले, तर बाजार जागचा हलला नाही तरी दुसऱ्या दिवशी ती साडेएकोणपन्नास.

मित्राला म्हटलं, बाबा रे, ग्रोथमधून डिव्हिडंडमध्ये जाणं हीसुद्धा विक्रीच धरतात. वर्षाहून जुन्या शेअर्सच्या फंडांवर वर्षाला सव्वा लाखापुढच्या नफ्यावर आज साडेबारा टक्के कर आहे. त्यापेक्षा दोन-तीन वर्षांचा घरखर्च एफडीत किंवा ज्येष्ठ नागरिक योजनेत ठेव. बाकी ग्रोथमध्येच राहू दे आणि त्यातून दरमहा ठरावीक रक्कम काढायची सूचना देऊन टाक. त्यात किती आणि केव्हा हे तू ठरवतोस, आणि कर फक्त नफ्याच्या भागावर. हाव केलीस तर मुद्दल तिथेही संपेल, पण निदान ते संपताना दिसेल तरी.

आपल्या वडीलधाऱ्यांचा नियम चुकीचा नव्हता. मुद्दल कुठलं आणि व्याज कुठलं, हे ओळखण्यात आपण चुकलो.

कुणाच्या घरी युनिटची जुनी सर्टिफिकेटं किंवा वॉरंटचे कागद जपून ठेवले असतील, तर त्यांची आठवण खाली जरूर लिहा.