कुठला कॅमेरा घेऊ? : एक जुना मुंबईकर प्रश्न

दर दिवाळीला बोनस जमा झाला की हापिसात कोणीतरी विचारतंच, "कॅमेरा घ्यायचाय रे, कुठला घेऊ?" विचारणाऱ्याचं बजेट ठरलेलं असतं, दोन मॉडेलं मनात असतात, आणि त्यातल्या महागाला मी 'हो' म्हणावं एवढीच माफक अपेक्षा असते. मी उलट विचारतो, "घरी संगणक कुठला आहे? आणि फोटो ठेवणार कुठे?" मग समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. त्याने कॅमेऱ्याबद्दल विचारलेलं असतं आणि मी हार्ड डिस्कबद्दल बोलत असतो.

पण हे खूळ माझं नाही. या मुंबईत हौसेखातर फोटो काढणारे लोक पावणेदोनशे वर्षांपूर्वी याच प्रश्नाशी झटापट करत होते, आणि मला वाटतं त्यांना तो आपल्यापेक्षा जास्त नीट कळला होता. तर मंडळी, या वीकांताला थोडा इतिहास.

१. मेणकागद की ओली काच?

लंडनची फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली १८५३ साली. मुंबईची झाली १८५४ साली. भारतातली ही पहिली. कलकत्ता आणि मद्रासच्या सोसायट्या १८५६ च्या. म्हणजे बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली त्याच्या पुढच्याच वर्षी इथे हौशी फोटोग्राफरांची संस्था उभी राहिली होती. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. सोसायटीत गोरे लष्करी अधिकारी होते, सरकारी नोकर होते, आणि आपली मंडळीही होती. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे धाकटे भाऊ डॉ. नारायण दाजी हे पेशाने डॉक्टर आणि हौसेने फोटोग्राफर. ते या सोसायटीच्या कार्यकारी मंडळावर होते. दिवसभर रोगी तपासायचे आणि उरलेल्या वेळात रसायनांत हात काळे करायचे. आपण काय वेगळं करतो? दिवसभर बग तपासतो, इतकंच. (ह. घ्या.)

या लोकांपुढे निवड होती ती मुख्यतः पद्धतीची. कॅमेरा म्हणजे भिंग लावलेलं लाकडी खोकं. त्यात निवडायला फार काही नव्हतं. खरा प्रश्न असायचा निगेटिव्ह कशावर बनवायची हा. एक पर्याय होता मेणकागद. गुस्ताव्ह ल ग्रे या फ्रेंच माणसाने १८५१ मध्ये सांगितलेल्या रीतीने कागदात मेण जिरवायचं, मग त्यावर रसायन चढवायचं. हा कागद काही दिवस आधी करून ठेवता येई, बाहेर फोटो काढून घरी सावकाश डेव्हलप करता येई. पण उजेड फार लागायचा, एकेका फोटोला मिनिटं लागायची. हलणाऱ्या माणसाचा फोटो विसरा.

दुसरा पर्याय ओल्या काचेचा, म्हणजे कलोडिअनचा. फ्रेडरिक स्कॉट आर्चरने हाही १८५१ मध्येच जाहीर केला. चित्र लखलखीत, उजेड कमी लागतो. पण काचेवर कलोडिअन ओतायचं, चांदीच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच फोटो काढायचा आणि ओली असतानाच डेव्हलप करायची. सगळा खेळ दहा-पंधरा मिनिटांचा. मुंबईच्या उन्हाळ्यात ही वेळ अजून कमी होते, हे सांगायला नकोच. त्यामुळे फोटो काढायला जाताना डार्करूमच सोबत न्यायची: तंबू, बाटल्या, पाणी, काचा आणि हे सगळं वाहणारी माणसं.

आता बघा, त्या माणसाचा खर्च कशावर होत होता? खोक्यावर कमी, आणि खोक्यानंतरच्या कामावर जास्त. कॅमेरा घेणं म्हणजे डार्करूम घेणं, हे त्याला कोणी समजावून सांगावं लागत नव्हतं.

२. परवान्याची भानगड

आपल्या धंद्यातल्या लोकांना हा भाग आवडेल. कागदी निगेटिव्हची मूळ पद्धत होती फॉक्स टॅल्बटची, आणि त्याने १८४१ मध्ये तिचं इंग्लंडमध्ये पेटंट घेतलं होतं. वापरायची तर परवाना घ्या. आर्चरने मात्र कलोडिअनची सगळी कृती छापून मोकळी केली, पेटंट घेतलंच नाही. टॅल्बटचं म्हणणं असं की तीसुद्धा माझ्याच पेटंटात बसते. डिसेंबर १८५४ मध्ये लंडनच्या कोर्टात हा खटला चालला आणि ज्यूरीने सांगितलं की कलोडिअन वापरणाऱ्याने टॅल्बटच्या पेटंटचा भंग केलेला नाही. त्यानंतर ती ओली काच पुढची पंचवीसेक वर्षं जगभर चालली. आर्चर बिचारा १८५७ मध्ये गरिबीत वारला. ओपन सोर्सवाल्यांचं नशीब तेव्हापासून असंच आहे.

३. फाळके काय घेऊन आले?

पुढची गोष्ट सिनेमाची आहे, पण यंत्रं निवडण्याचा याहून चांगला धडा मला मराठीत दुसरा माहीत नाही. १९१२ मध्ये दादासाहेब फाळके विमा पॉलिसी गहाण ठेवून लंडनला गेले. 'बायोस्कोप' नावाच्या साप्ताहिकाच्या संपादकाला जाऊन भेटले, सल्ला घेतला, आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला. इथवर सगळ्यांना ठाऊक असतं. पण त्यांच्या खरेदीत कॅमेऱ्याखेरीज आणखी काय होतं बघा: कोडॅकच्या कच्च्या फिल्मची ऑर्डर आणि फिल्मला कडेची भोकं पाडायचं यंत्र. डेव्हलपिंग, प्रिंटिंग घरीच व्हायचं होतं. दादरच्या घरी भोकं पाडण्याचं आणि फिल्म धुण्याचं काम सरस्वतीबाई फाळके यांनी शिकून घेतलं. मटाराचं रोप उगवतानाचे थोडे थोडे फोटो रोज घेऊन फाळक्यांनी एक छोटी फिल्म केली, ती दाखवून भांडवल उभं केलं, आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला.

फाळके आधी फोटोग्राफर होते, छपाईच्या धंद्यात मुरलेले होते. त्यामुळे चित्र कॅमेऱ्यात अर्धंच तयार होतं हे त्यांना पक्कं माहीत होतं. पैसे मोजकेच होते, तरी त्यांनी ते पूर्ण साखळीवर वाटून खर्च केले. केवळ भारीतला भारी कॅमेरा घेऊन परत आले असते तर ती फिल्म धुतली कुठे असती?

४. मधली सत्तर-ऐंशी वर्षं

मग आपण हे विसरलो कसे? त्याचं श्रेय (किंवा दोष) जॉर्ज ईस्टमनचा. त्याचा १८८८ चा कोडॅक कॅमेरा शंभर फोटोंची फिल्म भरूनच मिळायचा. शंभर झाले की अख्खा कॅमेरा कंपनीकडे पाठवा, ते फोटो करून देतील आणि नवी फिल्म भरून परत पाठवतील. म्हणजे डार्करूम तुमच्या हातातून काढून कारखान्यात नेली. १९०० मध्ये एका डॉलरचा ब्राउनी आला आणि फोटो काढणं पोराटोरांच्या हातात गेलं.

आपल्याकडे ही सोय घरोघर पोचायला वेळ लागला. मुंबईत १९३७ साली फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया निघाली, तिथले हौशी लोक स्वतः धुवून, स्वतः छापून प्रदर्शनं भरवत. पण सामान्य मध्यमवर्गीय घरातला कॅमेरा म्हणजे आगफा क्लिक थ्री. १२० चा रोल, १२ चौकोनी फोटो, बस. स्वातंत्र्यानंतर बाहेरच्या कॅमेऱ्यांवर जबर आयात शुल्क आणि परवान्यांची बंधनं होती, त्यामुळे चांगला कॅमेरा म्हणजे गल्फहून किंवा अमेरिकेहून येणाऱ्या मामाच्या सामानातला. फिल्म असायची उटीच्या सरकारी कारखान्यातली 'इंदू'. रोल संपला की गल्लीतल्या स्टुडिओत टाकायचा आणि चार दिवसांनी पाकीट आणायचं. पाकिटात काय झालंय ते स्टुडिओवाल्या काकांना ठाऊक. त्यांनी फोटो फिका केला की आपण म्हणायचो, कॅमेरा बेकार आहे!

'फोटो चांगला आला म्हणजे कॅमेरा चांगला' ही समजूत याच काळातली. बाकीचं काम कोणीतरी दुसरा करत होता, आपल्याला दिसत नव्हतं, म्हणून ते नव्हतंच असं आपण धरून चाललो.

५. डार्करूम घरी परत आली

२००३ मध्ये कॅननचा ३००डी आला. ६.३ मेगापिक्सेल, आणि हजार डॉलरच्या आत मिळणारा पहिला डीएसएलआर. पुढच्याच वर्षी निकॉनचा डी७०. बोराबाजारातून कॅमेरा आणि लॅमिंग्टन रोडवरून असेंबल केलेला पीसी, ही आमच्या पिढीतल्या हौशी लोकांची जोडखरेदी. गंमत म्हणजे ओल्या काचेवाल्यांचा तंबू पुन्हा आपल्या खोलीत येऊन बसला होता, फक्त आता त्याला कीबोर्ड होता.

हे नुसतं अलंकारिक नाही बरं का. १९९० मध्ये बाजारात आलेल्या फोटोशॉपमधली 'डॉज' आणि 'बर्न' ही अवजारं थेट डार्करूममधून उचललेली आहेत: कागदावर पडणारा उजेड काडीला लावलेल्या चकतीने अडवायचा की तो भाग उजळ राहतो, हाताच्या मुठीतून जास्त सोडायचा की गडद होतो. त्या बटणांवर आजही तीच काडी आणि तीच मूठ आहे. 'अनशार्प मास्क' हे चमत्कारिक नावही तिथलंच. मूळ निगेटिव्हवर तिचीच धूसर पॉझिटिव्ह ठेवून छापलं की कडा ठसठशीत दिसत.

रॉ आणि जेपेग हा वादही ओळखीचा वाटेल. रॉ म्हणजे निगेटिव्ह. त्यात १४ बिटांत उजेडाच्या १६,३८४ पायऱ्या नोंदता येतात. जेपेगच्या ८ बिटांत २५६. जेपेग घेतलं म्हणजे पाकिटातले फोटो घेतले आणि निगेटिव्ह स्टुडिओत सोडून आलो. आणि मोबाइल? तो १८८८ चा कोडॅक आहे. बटण दाबलं की आतला प्रोसेसर पाच-सहा फ्रेम जोडतो, आकाश गडद करतो, चेहरा उजळतो. फोटो छान येतात, तक्रार नाही. पण डार्करूममध्ये कोण बसलंय ते आपल्याला दिसत नाही.

६. एडिटिंग म्हणजे फसवणूक का?

आता परत १८५४ च्या त्या सोसायटीकडे जाऊ, कारण तिथला एक माणूस मुद्दाम शेवटी ठेवला होता. विल्यम जॉन्सन, मुंबईत सरकारी नोकरीत होता, फोटोग्राफीत शिरला. त्याने 'ओरिएंटल रेसेस अँड ट्राइब्ज, रेसिडेंट्स अँड व्हिजिटर्स ऑफ बॉम्बे' नावाचे दोन खंड १८६३ आणि १८६६ मध्ये लंडनला छापले. मुंबईतल्या जाती-जमातींचे फोटो, सोबत वर्णन. फोटोतली माणसं मात्र त्या जागी उभी राहिलेलीच नव्हती. त्यांचे फोटो वेगळे काढलेले, मागची देवळं, झाडं, इमारती वेगळ्या निगेटिव्हवरच्या, आणि छापताना दोन्ही एकत्र केलेलं. लेअर आणि मास्क, फोटोशॉपच्या सव्वाशे वर्षं आधी. आणि हे खंड माहितीचं पुस्तक म्हणून साहेबाच्या देशात वाचले गेले. 'हिंदुस्थानातले लोक असे दिसतात' याचा पुरावा म्हणून! पानावर बहुतेक ठिकाणी जातीचं नाव आहे, माणसाचं नाही.

मी वर्सोव्यात राहतो. वीकांताला पहाटे वेसावा कोळीवाड्यात कॅमेरे घेतलेले आठ-दहा जण तरी भेटतात: बांबूवर सुकणारे बोंबील, रंगवलेल्या होड्या, टोपल्या घेऊन बसलेल्या मावश्या. हल्ली एका क्लिकवर राखाडी आभाळ काढून भगवं लावता येतं, आणि तशी प्रचि भरपूर दिसतात. आभाळ उजळ करणं वेगळं आणि दुसरं आभाळ आणून लावणं वेगळं. पहिलं नारायण दाजींच्या काळापासून चालत आलंय. दुसरं करायचं तर खुशाल करा, पण फोटोखाली तसं लिहा. कारण पन्नास वर्षांनी हा किनारा कसा होता हे कोणी शोधेल तेव्हा त्याला आपलेच फोटो सापडणार आहेत. आणि मावशींना आधी विचारा, नाव लिहून घ्या, फोटो नेऊन द्या. त्या 'नमुना' नाहीत, शेजारी आहेत.

७. तर घ्यायचं काय?

एवढं वाचलंत तर उत्तर द्यायलाच हवं.

कॅमेरा: बजेटच्या निम्म्यापेक्षा जास्त यावर घालवू नका. मागच्या पिढीचा, वापरलेला चालेल. वर्सोव्याच्या खाऱ्या, दमट हवेत लेन्सला बुरशी लागते, तेव्हा हवाबंद डबा आणि सिलिका जेल हे लेन्सच्या किमतीतच धरा.

संगणक: मेमरी भरपूर आणि स्क्रीन बरा. रंग चुकीचे दाखवणाऱ्या स्क्रीनवर केलेलं काम म्हणजे अंधारात केलेलं रंगकाम.

साठवण: २४ मेगापिक्सेलची एक रॉ फाइल साधारण २५ एमबी. वीकांताला ३०० फोटो म्हणजे ७.५ जीबी, वर्षात असे ४० वीकांत म्हणजे ३०० जीबी. दोन प्रती हव्यात, त्यातली एक दुसऱ्याच्या घरी.

सॉफ्टवेअर: इथे टॅल्बट आणि आर्चर आठवा. अ‍ॅडोबीने २०१३ मध्ये भाड्याची पद्धत आणली. अ‍ॅपलने २०१४ मध्ये अ‍ॅपर्चर थांबवत असल्याचं जाहीर केलं, गूगलने २०१६ मध्ये पिकासा बंद केलं. डार्कटेबल, रॉथेरपी, गिंप फुकट आहेत आणि पुरेसे आहेत. पैसे देऊन घेतलंत तरी हरकत नाही, फक्त मूळ रॉ फाइल आणि आवडत्या फोटोंच्या तयार प्रती त्या सॉफ्टवेअरच्या बाहेर, साध्या फोल्डरांत, तारीख घालून ठेवा.

क्लिक थ्रीच्या निगेटिव्ह ट्रंकेत पडून राहिल्या, तरी आज स्कॅन होतात. आपल्या हार्ड डिस्कची तेवढी हमी कोणी देत नाही.

असो. मॉडेलचं नाव अजूनही हवंच असेल तर दुकानात जाऊन जो हातात नीट बसतो तो घ्या. वाचलेल्या पैशांतून हार्ड डिस्क घ्या. दोन घ्या.