ज्यांस घर नाहीं त्यांचें मरण

संत योसेफ हा सुमरणाचा आश्रयदाता. येशू व मरिया ह्यांच्या सान्निध्यांत, आपल्याच घरीं त्यास मरण आलें, असें आपली परंपरा सांगते. तसलेंच मरण आम्ही त्याच्याजवळ मागूं लागलों कीं मनश्चक्षूंपुढें नकळत एक घर उभें राहतें: खाट, उशाशीं पेटलेली मेणबत्ती, पवित्र तेल घेऊन आलेले पाद्री, सभोंवार रोझरी म्हणणारीं मुलेंबाळें. परंतु ज्यास खाट नाहीं, आणि ती टाकावयास जागाही नाहीं, त्यानें हें मागणें कसें मागावें? देवळाच्या भिंतींचा इतिहास ह्या पुस्तिकेंत इतरत्र आलाच आहे. भिंतींबाहेर मरणाऱ्यांचा थोडासा इतिहास येथें सांगावा, असें आम्हांस वाटलें.

फ्रान्समधील आमेत गांवीं १७४८ सालीं जन्मलेला बेनेडिक्ट जोसेफ लाब्र हा पंधरा भावंडांत वडील. मठवासी होण्याची त्याची धडपड व्यर्थ गेली, तेव्हां तो यात्रेकरू भिकारी झाला. रोम शहरीं कोलोसियमच्या पडक्या कमानींखालीं त्यानें कित्येक रात्री काढिल्या. १७८३ सालच्या पवित्र आठवड्यांत, १६ एप्रिल रोजीं बुधवारीं, आजारानें खंगलेला हा पस्तीस वर्षांचा पुरुष सांता मारिया आइ मोंती ह्या देवळाच्या पायऱ्यांवर कोसळला. झाकारेल्ली नांवाच्या जवळच राहणाऱ्या एका खाटकानें त्यास आपल्या घरीं नेलें, आणि त्याच दिवशीं तेथें त्याचा अंत झाला. पुढें १८८१ सालीं पोप तेरावे लिओ ह्यांनीं त्यास संतपद दिलें. खाटकास कोणी संत म्हटलें नाहीं; परंतु खरें सांगावयाचें तर ह्या कथेंत आमचें मन त्याच्यापाशींच अधिक घोटाळतें. लाब्रनें घर स्वखुशीनें सोडिलें होतें. ज्यांचें घर रोगानें, दारिद्र्यानें अथवा आप्तांनींच काढून घेतलें, त्यांस त्याचें उदाहरण सांगून गप्प बसविणें आम्हांस पटत नाहीं. त्यांस तो खाटीक हवा असतो.

एकोणिसाव्या शतकांत पाश्चात्य देशांत रुग्णालयें वाढलीं, पण तीं बहुतेक बरें होणाऱ्यांसाठीं. उपाय खुंटला कीं खाट रिकामी करावी लागे. न्यूयॉर्कमध्यें कर्करोग झालेल्या दरिद्री माणसाची वाट शेवटीं ब्लॅकवेल बेटावरील अनाथगृहाकडे जाई. तो रोग स्पर्शानें लागतो असा समज असल्यामुळें भाड्याची खोलीही जात असे. सुसंस्कृत अशा एका शिंपीणबाईस ह्याच रोगानें त्या बेटावर मरण आल्याची हकीकत रोझ हॉथॉर्न लाथ्रप हिच्या कानीं आली. ही बाई प्रसिद्ध कादंबरीकार नाथानिएल हॉथॉर्न ह्यांची कन्या. तिचा एकुलता एक मुलगा चार वर्षांचा होऊन १८८१ सालीं वारला होता. १८९१ सालीं ती कॅथलिक झाली. पुढें संसारही मोडला. १८९६ सालीं, पंचेचाळिसाव्या वर्षीं, तिनें कर्करोगाच्या रुग्णालयांत सुमारें तीन महिने शुश्रूषा शिकून घेतली आणि गरिबांच्या वस्तींत खोल्या भाड्यानें घेतल्या. तेथें ती रोग्यांच्या जखमा आपल्या हातानें धुवी. वर्तमानपत्रांत पत्रें लिहून ती पैसा गोळा करी. रोग्याकडून किंवा त्याच्या नातलगांकडून मात्र एक पैही घ्यावयाची नाहीं, हा तिचा नियम. पुढें ती डोमिनिकन व्रतस्थ झाली व १९२६ सालीं वारली. तिनें स्थापिलेला धर्मभगिनींचा संघ आजही कर्करोग्यांस विनामूल्य सांभाळतो.

आपल्या देशांत मदर तेरेसा ह्यांनीं १९५२ सालीं कलकत्त्यास काली मंदिराशेजारच्या धर्मशाळेंत ‘निर्मल हृदय’ उघडलें, तें सर्वांस ठाऊकच आहे. रस्त्यावर पडलेल्यांस तेथें अंथरूण व माणसाचा हात मिळाला. मात्र तेथें वेदना शमविणारीं तीव्र औषधें नसत, असा आक्षेप १९९४ सालीं ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकांत एका डॉक्टरांनीं घेतला. आपल्यापैकीं पुष्कळांस तो झोंबला. आम्हांस तो रास्त वाटतो. छप्पर मिळालें म्हणजे सर्व मिळालें असें नव्हे. हाडांत उतरलेल्या कर्करोगानें रात्रभर ओरडणाऱ्यास मॉर्फिनही हवें. दुर्दैवानें १९८५ च्या अंमली पदार्थांच्या कायद्यानें तें औषध मिळणें भारतभर इतकें जिकिरीचें झालें कीं २०१४ सालीं कायदा दुरुस्त करावा लागला.

आतां आपल्या मुंबईकडे वळूं. परळ येथील टाटा स्मारक रुग्णालय १९४१ सालीं सुरू झालें. लांबलांबच्या प्रांतांतून रोगी तेथें येतात, आणि ज्यांस धर्मशाळेंत जागा मिळत नाहीं ते समोरच्या फुटपाथवर बिऱ्हाड करतात. शेत विकून आलेल्यास परत जावयास घर उरलेलें असतेंच असें नाहीं. त्याच रुग्णालयांत शस्त्रक्रिया करणारे डॉ. लुईस जोसे डिसोजा ह्यांनीं १९८६ सालीं बांद्र्यास ‘शांति अवेदना’ हें घर उघडलें. भारतांतील अशा प्रकारचें तें पहिलेंच. पुढें गोव्यांत व दिल्लींतही तशीं घरें झालीं. उपाय संपले आहेत अशांनाच तेथें घेतात. धर्म विचारीत नाहींत, पैसे मागत नाहींत, आणि वेदना आवरण्याकडे पहिलें लक्ष देतात. नांवांतच तें आलें आहे.

हें घर मोतमावलीच्या टेकडीवर आहे. दर सप्टेंबरांत आम्ही जत्रेस जातों, मेणाचे हात-पाय वाहतों, बरें होण्याचा नवस बोलतों. तें घर तेथें आहे हें मात्र आम्हांपैकीं बहुतेकांस अनेक वर्षें ठाऊक नव्हतें.