बुडालेला रजिस्ट्रार आणि मालकीचा दाखला

एखादी पेढी बुडाली म्हणजे ठेवीदार प्रथम आपल्या पैशाची चौकशी करतो. इंटरनेटवरील डोमेन-नावांची नोंदणी करणारा रजिस्ट्रार बुडाला तर नावांचे काय होते? ती नष्ट होतात, अशी सामान्य समजूत आहे. तथापि खरा धोका नावाच्या नाशापेक्षा मालकीच्या दाखल्याच्या नाशात आहे, हे प्रस्तुत टिपणात दाखवावयाचे आहे.

१९९९ पर्यंत ‘डॉट कॉम’ वर्गातील नोंदणी नेटवर्क सोल्यूशन्स या एकाच कंपनीच्या हाती होती. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या आयकॅन या संस्थेच्या देखरेखीखाली ती स्पर्धेस खुली झाली व कामाची विभागणी झाली. मुख्य नोंदवही रजिस्ट्रीकडे राहिली, ग्राहकाशी व्यवहार रजिस्ट्रारकडे गेला. ‘डॉट कॉम’च्या नोंदवहीत नाव, रजिस्ट्रार, मुदत व नेमसर्व्हर एवढाच तपशील असे, नावाचा धारक कोण, हे केवळ रजिस्ट्रारच्या दप्तरी असे. म्हणूनच रजिस्ट्रार बुडाला तरी नाव तत्काळ बंद पडत नाही. मात्र मुदतवाढ व स्थलांतर त्याच्यामार्फतच व्हावयाचे असल्याने धारक अडकून पडतो.

याचे ठळक उदाहरण म्हणजे न्यू जर्सीतील रजिस्टरफ्लाय. मुदतवाढीचे पैसे घेऊनही नावांची मुदत वाढविली जात नाही, स्थलांतरास आवश्यक असलेले संकेतांक दिले जात नाहीत, अशा तक्रारी तिच्याविरुद्ध साचल्या. आयकॅनने २१ फेब्रुवारी २००७ रोजी करारभंगाची व १६ मार्च रोजी मान्यता रद्द करण्याची नोटीस दिली. परंतु मान्यता काढून घेणे सोपे, दप्तर मिळविणे कठीण! ते मिळविण्यासाठी आयकॅनला कॅलिफोर्नियातील संघीय न्यायालयाचा आश्रय घ्यावा लागला. अखेर मे महिन्यात सुमारे ८,५०,००० नावे गोडॅडीकडे सोपविण्याची व्यवस्था झाली. गोपनीयतेसाठी ज्यांनी स्वतःऐवजी मध्यस्थ सेवेचे नाव नोंदविले होते, त्यांची स्थिती अधिक बिकट होती. कारण दप्तर हाती आले तरी त्यात त्यांचे नाव असेलच असे नव्हते.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावयास हवी. रजिस्ट्रार दिवाळखोर झाल्यास करार रद्द करण्याचा अधिकार २००१ च्या मान्यता-करारातच होता. दप्तराची प्रत त्रयस्थाकडे ठेवण्याचे कलमही त्यात होते. परंतु ते अंमलात आले नव्हते. रजिस्टरफ्लायच्या पतनानंतर, नोव्हेंबर २००७ मध्ये, आयर्न माउंटन या कंपनीची त्या कामी नेमणूक झाली. २००९ च्या सुधारित कराराने मध्यस्थ सेवेच्या ग्राहकांचीही दखल घेतली: त्यांची माहिती त्रयस्थाकडे ठेवावी, अथवा ती ठेवली जात नाही असे त्यांना स्पष्ट कळवावे.

२००८ मध्ये एस्टडोमेन्स या रजिस्ट्रारची मान्यता गेली. कारण दिवाळ्याचे नव्हते, चालकाला झालेल्या शिक्षेचे होते. तथापि ग्राहकांपुढील प्रश्न तोच होता. तिच्याकडील सुमारे २,८१,००० नावे मुंबईत उदयास आलेल्या डायरेक्टी या कंपनीकडे गेली. या वेळी मान्यता रद्द झालेल्या रजिस्ट्रारची नावे दुसऱ्याकडे सोपविण्याची रीत आधीच ठरलेली होती.

सारांश, डोमेन-नावावरील हक्क व्यवहारात नोंदीइतकाच टिकाऊ असतो. ज्या कलमाने तो राखला जावयाचा, ते कागदावर होते. त्यास जाग आणावयास एक पेढी बुडावी लागली.