दोन्हीकडची प्यादी आपलीच

गेल्या आठवड्यात आपल्याच तालुक्यातल्या एका वाचकाने इनबॉक्सात फोटो पाठवला. पत्र्याच्या डब्यात बुद्धिबळाच्या जुन्या सोंगट्या. खाली एकच ओळ : "आजोबांचा पट आहे, हस्तिदंती. किती येतील?"

मी देशोदेशीचे नक्षीदार पट जमवतो, हे इथल्या जुन्या मंडळींना ठाऊक आहे. जमवतो म्हणजे काय, पत्रकाराच्या खिशाला परवडतील तेवढे. आग्र्याचा दगडी आहे, लाकडी चार-पाच आहेत. बाकी सगळा संग्रह फोटोंचा!

त्या फोटोंतला एक प्रकार मला कायम अस्वस्थ करतो. इंग्रज त्याला 'जॉन कंपनी' पट म्हणतात. जॉन कंपनी म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीचं टोपणनाव. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून पुढे बंगालात मुर्शिदाबाद-बहरामपूरचे कारागीर हे पट हस्तिदंतात कोरायचे. गिऱ्हाईक म्हणजे मायदेशी परतणारे साहेब. एका बाजूला हिंदी राजा, अंबारीतला, दुसरीकडे कंपनीची फौज. आता प्यादी बघा. राजाकडे ढाल-तलवारवाले, कंपनीकडे बंदूकवाले शिपाई. म्हणजे दोन्हीकडे आपलीच माणसं! आणि कोरणारे हातही आपलेच. यात कारागिराने काही टोमणा मारलाय असं मला वाटत नाही. त्याला दिसलं ते त्याने कोरलं. 5 नोव्हेंबर 1817 ला खडकीला पेशव्यांच्या फौजेसमोर कंपनीची जी पलटणं उभी होती, त्यांतले बहुतेक शिपाई इथलेच होते.

पट कोण बनवतो, कुणासाठी बनवतो, यावर त्यात कोण उभं राहणार ते ठरतं. क्रांतीनंतरच्या रशियात नताल्या डान्को या शिल्पकर्तीने चिनी मातीचा 'लाल विरुद्ध पांढरे' असा पट घडवला. त्यात पांढऱ्यांचा राजा म्हणजे साक्षात मृत्यू, आणि त्यांची प्यादी साखळदंडात जखडलेली. प्रचारच तो, पण लपवाछपवी नाही.

असे पट खेळायला मात्र कुचकामी. सोंगट्या नाजूक, धक्का लागला की आडव्या, आणि वजीर कुठला न् राजा कुठला हेच कळत नाही. म्हणून तर 1849 मध्ये लंडनच्या जॅक्स कंपनीने सुटसुटीत 'स्टॉन्टन' पट बाजारात आणला. स्पर्धांत आज तोच असतो. त्यातल्या बिशपच्या टोपीला आपण उंट म्हणतो आणि बुरुजाला हत्ती, ते वेगळं! आणि जगभरच्या खेळाडूंसाठी हे लाकडी स्टॉन्टन कोरणारे मोठ्या संख्येने आपल्या अमृतसरचे.

असो. त्या वाचकाला मी लगेच फोन केला. म्हटलं, दादा, किमतीचं नंतर बघू. हस्तिदंत असेल तर विकणं गुन्हा आहे. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्याच्या पुढच्या दुरुस्त्या आहेत. वारशाने आलं असेल तरी वन विभागाचं मालकी प्रमाणपत्र लागतं. तुमच्यापैकी कुणाच्या माळ्यावर असं काही असेल, तर दलालाच्या आधी वन विभागाचं कार्यालय गाठा.

रविवारी तो डबा घेऊन घरी आला. सोंगटी उलटी करून भिंगाखाली धरली. हस्तिदंताला तिथे एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषांची जाळी दिसते. इथे नुसते काळपट ठिपके होते. हाड होतं. त्याचा चेहरा पडला, आणि खरं सांगतो, मला आतून बरं वाटलं. आता मी तो घेऊ शकत होतो.

मोजायला बसलो. एका बाजूची प्यादी सातच. आठव्याच्या जागी सागरगोटा.

"हे आजोबांनी ठेवलेलं," तो म्हणाला. मी आकडा सांगितला. त्याने सागरगोटा उचलून थोडा वेळ हातात फिरवला, डब्यात टाकला आणि झाकण लावलं.

"आईला विचारून सांगतो."

अजून फोन आलेला नाही.