शोक आणि श्रद्धा : लक्ष्मीबाई टिळकांच्या जीवनांतील एक प्रकरण

जव्हार आणि मोखाडा हा सध्यांच्या पालघर जिल्ह्यांतील डोंगराळ मुलूख. १९४८ पर्यंत जव्हारास मुकणे घराण्याचें संस्थान होतें. मोखाड्याकडून पूर्वेस घाट चढून गेलें म्हणजे त्र्यंबकेश्वर लागतें, आणि त्यापुढें गोदाकांठचें नाशिक. घरांतलें माणूस गेलें कीं त्याच्या अस्थि गोदावरींत सोडावयाच्या, त्र्यंबकेश्वरीं नारायणबळीसारखे विधि करावयाचे आणि आपल्या दुःखाचा कांहीं भार क्षेत्राच्या स्वाधीन करून घरीं परतावयाचें, हा कोकणांतून वर येणाऱ्या अनेक कुटुंबांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा परिपाठ आहे. शोकाला अशी आंखून दिलेली वाट असणें ही मनुष्याची फार मोठी सोय होय. ती वाट सोडणाऱ्याला नवी शोधावी लागते.

ज्या बाईनें अशी नवी वाट शोधली तिचा जन्म १८६८ सालीं या गोदावरीच्याच कांठीं, नाशिकजवळच्या जलालपूर गांवीं झाला. माहेरचें आडनांव गोखले. तिच्या जन्मापूर्वींच तिच्या घरावर मृत्यूची छाया पडलेली होती. १८५७ च्या बंडांत तिच्या आईच्या वडिलांस फांशी झाली, आणि त्या धक्क्यानंतर तिच्या वडिलांनीं सोवळ्याओवळ्याचा असा अतिरेक आरंभिला कीं, घरांतील माणसांस श्वास घेणें कठीण व्हावें. धान्य धुवावें, वस्तु धुवावी, माणूस शिवूं नये ! एका मरणाचें भय त्या घरांत रोज पाण्यानें धुतलें जात होतें, आणि तें कधींच निघत नव्हतें. शोक माणसाला कसा आकसून टाकतो याचा हा पहिला धडा या मुलीस अक्षरओळखीच्याही आधीं मिळाला.

तिचें लग्न नारायण वामन टिळकांशीं झालें. टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांवचा. त्यांचें लहानपण कल्याणांत गेलें. पण आई लवकर वारली, आणि आई गेल्यावर या मुलाचें घरांत लक्ष लागेना. तो नाशिकास आला आणि गणेशशास्त्री लेले यांच्याजवळ संस्कृत शिकला. पोरकेपणाची ही जखम टिळकांच्या वृत्तींत अखेरपर्यंत राहिली असावी. एका जागीं न ठरणारा, हातचें सर्व देऊन टाकणारा, क्षणांत रागावणारा आणि क्षणांत विरघळणारा असा हा कवि होता. १८९३ सालीं राजनांदगांवास जातांना आगगाडींत एका इंग्रज सहप्रवाशानें त्यांस नवा करार दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईंत टिळकांनीं बाप्तिस्मा घेतला.

लक्ष्मीबाईंच्या दृष्टीनें हा एक प्रकारचा मृत्यूच होता. कांहीं अपत्यें तान्हेपणींच गेल्याचें दुःख त्यांनीं पूर्वीं सोसलें होतें; पण लेंकरू गेलें तर आप्त जवळ येऊन बसतात, अश्रु पुसतात. येथें नवरा जिवंत असून घराला मेला होता. अशा शोकाला सुतक नाहीं, बारावें-तेरावें नाहीं आणि शेवटही नाहीं. त्यांनीं हीं वियोगाचीं वर्षें नातलगांच्या आश्रयानें पंढरपुरीं काढलीं. पुढें त्या पतीकडे परतल्या खऱ्या, परंतु धर्म सोडून नव्हे. प्रथम त्यांचा स्वयंपाक, पाणी, सोवळें सारें निराळें असे. अहमदनगर जिल्ह्यांतील राहुरी येथें असतां जातिभेद हा देवानें केलेला नसून माणसांनीं केलेला आहे, हें त्यांच्या मनानें घेतलें. आणि १९०० सालीं त्यांनीं स्वतःच्या निश्चयानें बाप्तिस्मा घेतला. वडिलांच्या घरीं मरणाच्या भयानें जी दारें बंद झालीं होतीं, तीं अशा रीतीनें लेकीनें उघडलीं.

पण या श्रद्धेची खरी कसोटी पुढेंच होती. अहमदनगरास टिळकांच्या घरीं अनेक पोरकीं, अनाथ, आजारी माणसें राहून गेलीं. त्यांपैकीं त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजेच बालकवि, हे लक्ष्मीबाईंना पोटच्या मुलासारखे. ५ मे १९१८ रोजीं जळगांवजवळच्या भादली स्टेशनावर आगगाडीखालीं सांपडून हा तरुण कवि गेला. त्यानंतर बरोबर एक वर्ष आणि चार दिवसांनीं, ९ मे १९१९ रोजीं, मुंबईंत टिळकांचें निधन झालें. १९१७ सालीं टिळकांनीं मिशनची पगारी नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ आरंभिला होता. त्यामुळें मागें राहिलेल्या कुटुंबास द्रव्याचा आधारही फारसा नव्हता.

ख्रिस्ती झालेल्या महाराष्ट्रीय घरास अशा वेळीं कोणता आधार होता ? पिंड नाहीं, तर्पण नाहीं, काकस्पर्शाची वाट पाहणें नाहीं. पुनरुत्थानाची आशा धर्मग्रंथांत होती; परंतु आशेलाही आपल्या भाषेंत रडतां यावें लागतें. परदेशी चालींवर बसविलेलीं भाषांतरित पदें मराठी मनाच्या तळापर्यंत पोंचत नसत. ही उणीव भरून काढण्याचें काम अहमदनगरच्या ख्रिस्ती कीर्तनकारांनीं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत सुरू केलें, आणि टिळकांनीं तें पुढें नेलें. तुकोबांच्या अभंगांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशीं आलों, असें ते सांगत. त्यांचीं गीतें ‘उपासना संगीत’ या संग्रहाच्या द्वारें मराठी मंडळ्यांच्या मुखीं बसलीं. म्हणजे ज्याच्या मृत्यूचा शोक करावयाचा, त्यानेंच शोक करणाऱ्यांच्या ओंठीं शब्द देऊन ठेविले होते.

लक्ष्मीबाईंना त्यानें याहूनही अधिक कांहीं दिलें : एक अपुरें काम. ख्रिस्ताचें चरित्र ओवींत गाण्याचा टिळकांचा संकल्प होता. अशी परंपरा मराठीस नवी नव्हे. फादर स्टीफन्स यांचें क्रिस्तपुराण १६१६ सालीं गोमंतकांत छापून निघालें होतें. टिळकांच्या ‘ख्रिस्तायना’चे सुमारे दहा अध्याय झाले आणि लेखणी थांबली. ती लेखणी त्यांच्या विधवेनें उचलली. या बाईला जोडाक्षरें अखेरपर्यंत नीट लिहितां येत नसत, हें लक्षांत घेतलें म्हणजे तिनें पुढें साठांहून अधिक अध्याय रचले, या गोष्टीचें मोल कळतें. तो ग्रंथ १९३८ सालीं प्रसिद्ध झाला. मुलानें वडिलांच्या चरित्रासाठीं आठवणी मागितल्या, त्यांतून ‘स्मृतिचित्रें’ जन्मास आलीं. त्यांचे भाग १९३४ पासून प्रसिद्ध होऊं लागले. या पुस्तकांत विलाप जवळजवळ नाहीं. टिळकांचा विसराळूपणा, त्यांचा संताप, घरांतली ओढाताण, स्वतःच्या फजित्या, हें सर्व बाई हंसत हंसत सांगते. मृताला देव करून दूर ठेवण्याऐवजीं त्याला दोषांसकट घरांत वागवणें, हेंच तिचें श्राद्ध.

याच सुमारास केडगांवीं दुसरी एक विधवा अशाच दुःखांतून जात होती. पंडिता रमाबाईंचे आईवडील १८७४ च्या सुमारास उपासमारीनें गेले, भाऊ श्रीनिवास १८८० त, आणि पति बिपिनबिहारी मेधावी ४ फेब्रुवारी १८८२ रोजीं पटकीनें. पदरीं उरली एकुलती एक मुलगी मनोरमा. १८८३ त इंग्लंडांत वाँटेज येथें रमाबाईंनीं बाप्तिस्मा घेतला. १८८९ त मुंबईंत शारदासदन काढलें. पुढें केडगांवचें मुक्तिसदन उभें राहिलें. जिच्या हातीं हें कार्य सोंपवावयाचें ती मनोरमाही २४ जुलै १९२१ रोजीं गेली. रमाबाई त्या वेळीं बायबलाचें मूळ इब्री व ग्रीक भाषांवरून सोप्या मराठींत भाषांतर करीत होत्या. लेक गेल्यावरही तें काम त्यांनीं सोडलें नाहीं. तें तडीस नेऊनच ५ एप्रिल १९२२ रोजीं त्यांनीं देह ठेवला. ग्रंथ १९२४ त छापून बाहेर आला.

कोणी म्हणेल, शोकाकुल माणसास कोणतेंही काम सांवरतें; त्यांत धर्माचा काय संबंध ? आक्षेप अगदींच खोटा नाहीं. परंतु या दोघींच्या बाबतींत काम आणि श्रद्धा हीं वेगळीं काढतां येत नाहींत. गेलेलें माणूस कायमचें नाहींसें झालें नाहीं, असा विश्वास असल्यामुळेंच त्याचें अपुरें काम पुरें करण्यास अर्थ होता. शिवाय त्या काळीं विधवेच्या वांट्यास येणारें केशवपन, अंधारी खोली आणि अपशकुनाचा शिक्का यांच्याऐवजीं या धर्मानें दोघींच्या हातीं लेखणी व माणसांची सेवा ठेविली. उलट, त्यासाठीं दोघींनीं माहेर, जात आणि ओळखीचें जग गमावलें, हेंही विसरतां कामा नये. सांत्वन त्यांना फुकट मिळालें नाहीं.

लक्ष्मीबाई २४ फेब्रुवारी १९३६ रोजीं नाशिकास वारल्या. ज्या गोदावरीवर त्यांच्या पूर्वजांनीं आपलें दुःख सोडलें, तिच्यावर त्यांनीं आपलें सोडलें नाहीं. तें त्यांनीं जवळ ठेविलें, त्याला बोलावयास शिकविलें, आणि त्याच्या तोंडून मराठी भाषेस एक अक्षय पुस्तक मिळालें.