लोकापवाद आणि वैशालीची संगीती

संस्थेतील गैरप्रकार चव्हाट्यावर यावा की घरातच मिटवावा, हा प्रश्न आपल्या समाजात वारंवार उपस्थित होतो. विहाराच्या दाननिधीचा हिशेब एखाद्या उपासकाने जाहीरपणे मागितला, की विरोधकांच्या हाती कोलीत देऊ नका, असे त्यास बजावले जाते. पिढ्यान्‌पिढ्या निंदा सोसलेल्या समाजाची ही भीती अकारण आहे, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु अशाच कारणाने एका भिक्षूचे तोंड बंद करण्याचा प्रयत्न संघाच्या इतिहासात पूर्वीही झाला आहे, आणि तेथेही वाद दानाच्या पैशाचाच होता.

परंपरेनुसार भगवंतांच्या महापरिनिर्वाणानंतर सुमारे १०० वर्षांनी स्थविर यश काकण्डकपुत्त वैशालीस आले व महावनातील कूटागारशाळेत राहिले. उपोसथाच्या दिवशी तेथील वज्जिपुत्तक भिक्षूंनी काशाचे पात्र पाण्याने भरून संघाच्या मध्यभागी ठेवले आणि येणाऱ्या उपासकांना सांगितले की, संघाला गरज आहे, कार्षापण द्या, अर्धा द्या, पाव द्या, निदान एक माषक तरी द्या. यशांनी तेथेच विरोध केला. शाक्यपुत्रीय श्रमणांना सोने-रुपे घेता येत नाही, तेव्हा देऊ नका, असे ते उपासकांना म्हणाले. तरीही उपासकांनी नाणी टाकलीच. रात्र सरल्यावर त्या रकमेची माणशी वाटणी झाली व यशांचा वाटाही त्यांच्यापुढे आला. तो त्यांनी नाकारला.

श्रद्धावान उपासकांचा अवमान केला, असा ठपका ठेवून संघाने यशांवर प्रतिसारणीय कर्म लादले, म्हणजे त्यांनी जाऊन गृहस्थांची क्षमा मागावी. यशांनी नियमाप्रमाणे सोबतीस एक भिक्षू मागून घेतला, ते नगरात गेले, आणि क्षमा मागण्याऐवजी भगवंतांनी या विषयावर काय सांगितले होते ते त्यांनी उपासकांपुढे सविस्तर मांडले. ज्यांनी आदल्या खेपेस त्यांचे ऐकले नव्हते, तेच उपासक आता म्हणू लागले की खरे श्रमण एकटे यश. सोबतच्या भिक्षूने परत जाऊन हा वृत्तान्त सांगताच वज्जिपुत्तकांनी त्यांना संघातून निलंबित करण्याचे ठरविले. आरोप कोणता? संघाची संमती नसताना त्यांनी ही गोष्ट गृहस्थांपुढे उघड केली! पैसे घेतले की नाहीत, याबद्दल त्या आरोपात एक शब्दही नाही.

अर्थात प्रत्येक लोकापवाद खरा असतो असे नाही. सुंदरी परिव्राजिकेचा खून करवून तिचे प्रेत जेतवनात पुरणाऱ्या परिव्राजकांनी नंतर ते श्रावस्तीच्या रस्त्यांतून मिरविले, तेव्हा नगरातील लोक भिक्षूंना शिव्याशाप देत होते. हा गलबला सात दिवसांवर टिकणार नाही, असे भगवंत म्हणाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात खुनाचा व अनैतिकतेचा असे हे दोन्ही खोटे आरोप स्वतंत्र प्रकरणे करून दिले आहेत. शास्त्याच्या चरित्रातून ते गाळले नाहीत.

खऱ्या-खोट्याची निवड कशी करावी, याचा नमुना निग्रोधमृग जातकाच्या प्रस्तावनेत आहे. देवदत्ताच्या गटातील एक भिक्षुणी गरोदर असल्याचे दिसून आले. आपली अपकीर्ती होईल या भयाने देवदत्ताने काहीही चौकशी न करता तिला हाकलले. ती जेतवनात आली. भगवंतांनी तिला गुपचूप आश्रय दिला नाही, की परतही पाठविले नाही. राजा प्रसेनजित, अनाथपिण्डिक आणि विशाखा यांना बोलावून चतुर्विध परिषदेसमोर निर्णय देण्याचे काम उपालींकडे सोपविले. विशाखेने पडद्याआड तपासणी करून महिने व दिवस मोजले. गर्भ प्रव्रज्येपूर्वीचा ठरला व भिक्षुणी निर्दोष सुटली. तिचाच मुलगा पुढे कुमार कस्सप या नावाने प्रसिद्धीस आला. देवदत्ताने प्रकरण दाबले त्यात संघाची अब्रू राखली गेली असे कोणास वाटत असेल, तर एका निरपराध स्त्रीचा बळी देऊन ती राखली जाणार होती, एवढे लक्षात घ्यावे.

यश कोशाम्बीस गेले. तेथून त्यांनी पश्चिमेकडील पावेय्यक व अवंती-दक्षिणापथातील भिक्षूंना निरोप धाडले. वज्जिपुत्तकांनी स्थविर रेवतांकडे पात्रे, चीवरे अशा भेटी नेल्या. रेवतांनी त्या घेतल्या नाहीत. त्यांच्या उत्तर नावाच्या सेवकाने मात्र एक चीवर घेतले व रेवतांपुढे त्यांची बाजू मांडली, तेव्हा रेवतांनी त्यास दूर केले. वाद जेथे उद्भवला तेथेच मिटला पाहिजे, असे रेवतांनी सांगितल्यावरून ७०० भिक्षू वैशालीतच जमले. गर्दीत निरर्थक बोलणे वाढू लागले म्हणून पूर्वेकडील चार व पश्चिमेकडील चार अशा आठ स्थविरांची समिती नेमण्यात आली. वालुकारामात रेवतांनी एकेक वस्तू विचारली, वयोवृद्ध सब्बकामींनी ती कोणत्या नियमाविरुद्ध आहे ते सांगितले. दहाच्या दहा वस्तू विनयबाह्य ठरल्या. पुढे संपूर्ण संघासमोर हीच प्रश्नोत्तरे पुन्हा झाली.

याची किंमत संघाला द्यावी लागली. पराभूत भिक्षूंनी आपली वेगळी महासंगीती भरविली, असे दीपवंस सांगतो. संघभेदाची कारणे इतर परंपरा वेगळी देतात. स्थविरांनी मात्र हा वृत्तान्त लपविला नाही. काशाचे पात्र, वाटणीचे पैसे, उत्तराने घेतलेले चीवर, हे सारे तपशील त्यांनी चुल्लवग्गाच्या शेवटच्या, बाराव्या खन्धकात घातले, आणि विनयाचे पठण करणारे भिक्षू ते आजही म्हणतात.