नवेगावबांध व शेजारचे तलाव

गोंदिया जिल्ह्यातील नवेगावबांधचा तलाव अठराव्या शतकाच्या प्रारंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधला. भोवतालच्या टेकड्यांना लोक ‘सात बहिणी’ म्हणतात. त्यांच्याच सान्निध्यात कोलू पाटलांची कोलासूर देव म्हणून पूजा होते. या तलावावर आणि सिरेगावबांधासारख्या शेजारच्या तलावांवर कोहळ्यांचे धान व ऊस पिकले, ढिवरांची चूल पेटली. हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी येथे उतरतात. नवेगावी सहलीची मंडळी येतात. १९७५ साली तेथे राष्ट्रीय उद्यान झाले.

१९५०च्या कायद्याने मालगुजारी संपली, या भागातील मालगुजारी तलाव सरकारजमा झाले. गावाने मिळून गाळ काढण्याची रीत मागे पडली. देवळाप्रमाणे तलावाचाही जीर्णोद्धार करणे, हीच कोलासुराची खरी सेवा होय.